कोकोचं हेक्टरी उत्पादन एवढं कमी का?

रानवाट: घानात लहान शेतकऱ्यांचं कोको उत्पादन हेक्टरी ४००-५०० किलोच्या आसपास अडकलंय असं वाचलं. नीट राखलेली बाग टनाच्या वर जाते. मग घोडं अडतंय कुठे? खत कमी पडतं का? अभ्यासासाठी हवंय, कोणी तिथे काम केलं असेल तर सांगा.

मृद्गंध: मी घानाच्या पश्चिम भागात कोको शेतकऱ्यांसोबत काम केलंय. माझ्या मते खताचा नंबर बराच नंतर. झाडं पंचवीस-तीस वर्षांची झाली की उतरणीला लागतात, आणि तिथल्या कितीतरी बागा म्हाताऱ्या आहेत.

त्यात काळी फळसड. फळावर आधी छोटा तपकिरी डाग दिसतो, थोड्याच दिवसांत अख्खं फळ काळं पडतं, वर पांढुरकी बुरशी धरते आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर शेजारच्या फळांवर जाते. पावसाळ्यात अशी फळं सतत काढत राहावी लागतात. माणसं नसतील तर ते होत नाही. औषध फवारूनही मग फारसा उपयोग होत नाही.

फांद्या सुजवणारा विषाणू वेगळाच. पिठ्या ढेकूण तो पसरवतो. १९३६ मध्ये घानातच हा रोग ओळखला गेला, पण अजूनही झाड उपटण्यावाचून इलाज नाही.

रानवाट: मग जुनी झाडं काढून नवी का लावत नाहीत?

मृद्गंध: नवं झाड फळायला तीन-चार वर्षं लागतात. तोवर घर कशावर चालवायचं? शिवाय बरेच जण वाट्याने कसतात. 'अबुनू' पद्धतीत निम्मा वाटा, 'अबुसा'त तिसरा हिस्सा. अनेक ठिकाणी कसणाऱ्याचा हक्क झाडं उभी आहेत तोवरच. तो कशाला कुऱ्हाड चालवेल? याचा मला फार त्रास होतो, कारण सगळे त्यालाच आळशी ठरवतात.

पानगळ: परागीकरण विसरू नका. कोकोच्या फुलांपैकी जेमतेम पाच टक्क्यांपर्यंत फळं धरतात. हे काम चिलटासारखी बारीक माशी करते आणि ती कुजणाऱ्या पालापाचोळ्यात वाढते. बाग झाडून लख्ख केली की तिची जागाच जाते.

मृद्गंध: अगदी बरोबर. फक्त सडकी फळं तेवढी बाहेर काढायची, पाला राहू द्यायचा.

रानवाट, २०२४ च्या अखेरीस जागतिक भाव टनाला १२,००० डॉलरवर गेला, पण तिथे शेतकऱ्याचा भाव सरकार ठरवतं, त्यामुळे ती वाढ त्याच्या हातात पूर्ण पडली नाही. प्रश्नावली करणार असाल तर 'खत किती टाकता' याच्या वर 'झाडं तोडली तर जमीन तुमच्याकडे राहते का' हा प्रश्न घाला.