अनुभव धागा: ऑल-इन्क्लुझिव्ह बीच रिसॉर्ट आणि आपलं आपण फिरणारी माणसं

आपलं आपण ठरवून, बस-रेल्वेने, गावातल्या खानावळीत जेवत फिरणारे इथे बरेच आहेत. त्यातले कितीतरी जण कुणाच्या लग्नासाठी, लेकरांसाठी किंवा आईवडिलांसाठी कधीतरी अशा, म्हणजे राहणं-खाणं-पिणं सगळं आधीच भरलेल्या पैशांत मिळणाऱ्या, रिसॉर्टमध्ये राहून आलेत. काय मनापासून आवडलं आणि काय खुपलं, ते सविस्तर लिहा. जागा, महिना आणि सोबत कोण होतं हे नक्की सांगा. सुरुवात मी करते, पुढचे अनुभव इतरांनी लिहिलेले.

कॅनकून, मेक्सिको, मार्च. दोन कुटुंबं, चार मुलं.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांना कॅनकून सोयीचं पडतं. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही. आमच्या घरात प्रवासाचं सगळं मी बघते: तिकिटं, मुक्काम, कुठली बस, कुठे जेवायचं. इथे मनगटाला पट्टा बांधला आणि पहिल्याच संध्याकाळी 'आता पुढे काय' हा प्रश्न मला कुणी विचारेना. मुलं आपापली जाऊन आइस्क्रीम घेऊन येत होती. मी समुद्राकडे तोंड करून पुस्तक वाचलं, सलग. ही विश्रांती खरी होती आणि मला तिची गरज होती.

पण मेक्सिकोत असून मेक्सिकन जेवण हा आठवड्यातल्या एका रात्रीचा कार्यक्रम होता, तेव्हा मला चुटपुट लागली. कॅनकून हे मुळातच सरकारने पर्यटनासाठी वसवलेलं शहर. 1970 च्या सुमारास काम सुरू झालं, 1974 मध्ये पहिली हॉटेलं उघडली. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे निचुप्ते सरोवर आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर ओळीने हॉटेलं. तिथे राबणारी माणसं राहतात शहरात.

एका संध्याकाळी मोठ्या मुलीला घेऊन आर-1 बस पकडली. पाळी संपवून घरी निघालेल्यांनी बस भरलेली होती, कुणाकुणाचा युनिफॉर्म मांडीवरच्या पिशवीत. शेजारचा मुलगा दक्षिण मेक्सिकोतल्या चियापास राज्यातला निघाला, कामासाठी इतक्या लांब आलेला. माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्येही भरपूर गप्पा झाल्या. शहरातल्या पार्के दे लास पालापास या चौकात आम्ही मारकेसिता खाल्ली. गाडीवाली लोखंडी साच्यात पातळ पीठ ओतते, साचा मिटून आचेवर उलटापालटा करते, गरम असतानाच त्यावर एडाम चीज किसते आणि झरझर गुंडाळी करून हातात देते. आजूबाजूला गावातली कुटुंबं, सायकली, फुगेवाला. मुलगी म्हणाली, "आई, आपण आत्ता मेक्सिकोत आलो ना?" मलाही तेच वाटत होतं.

आणखी एक. मेक्सिकोत समुद्रकिनारा कायद्याने सार्वजनिक आहे. पण मधे हॉटेलांची रांग उभी असली की गावातल्या माणसाने तिथे पोचायचं कुठून? रविवारी प्लाया देल्फिनेस या मोकळ्या किनाऱ्यावर गेलो, तर डबे आणि छत्र्या घेऊन आलेली स्थानिक कुटुंबं तिथे भेटली. आमच्या हॉटेलसमोर तशी कुणी दिसली नव्हती, आणि ते मला अजून खटकतं.

प्लाया देल कार्मेन, मेक्सिको, जुलै. नवरा आणि दोन वर्षांचं पिल्लू.

मी एकटीने लाओस-कंबोडिया फिरलेली बाई, पण पिल्लासोबतचा हा मुक्काम मला फार मानवला. त्याने भात टाकला, पास्ता टाकला, शेवटी कलिंगडावर जेवण उरकलं आणि कशाचंच बिल नव्हतं. दुपारी तो झोपला की खोलीच्या गॅलरीत बसून आम्ही दोघं किती दिवसांनी बोललो!

मात्र जुलैत जाणाऱ्यांनो, सारगॅसमची माहिती काढूनच जा. हे तपकिरी समुद्री शेवाळ 2011 पासून कॅरिबियन किनाऱ्यांवर प्रचंड प्रमाणात येऊन पडतंय. वसंत ऋतूपासून उन्हाळा संपेपर्यंत जोर असतो आणि कुजलं की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. पहाटेपासून माणसं दाताळ्यांनी ते ओढत होती, तरी दुपारपर्यंत किनारा पुन्हा तपकिरी. पैसे भरले समुद्राचे आणि दिवस गेले हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात. मग महामार्गावर हात दाखवून कोलेक्तिवो, म्हणजे तिथली शेअर व्हॅन, पकडली आणि सेनोटेवर गेलो. युकातान, म्हणजे हा सगळा द्वीपकल्प, त्याची जमीन चुनखडीची, वर नद्या जवळपास नाहीतच, पाणी सगळं खालून वाहतं. जिथे छत कोसळलं तिथे ही गोड्या पाण्याची कुंडं. पाणी इतकं नितळ की पिल्लाच्या पायाशी फिरणारे मासे मोजता येत होते.

सिदे, तुर्कस्तान, ऑक्टोबर. श्टुटगार्टहून, शाळेच्या सुट्टीत.

जर्मनीतून अंताल्याचं पॅकेज इतकं स्वस्त मिळतं की विमान आणि हॉटेल वेगवेगळं काढलं तर महाग पडतं. आम्हीही त्यासाठीच घेतलं आणि पुन्हा घेऊ.

खुपलं ते गावात गेल्यावर. सिदेच्या जुन्या गावात रोमन नाट्यगृह आहे, समुद्रालगत अपोलोच्या मंदिराचे खांब उभे आहेत. लोक येतात, फोटो काढतात आणि जेवायच्या वेळेला हॉटेलात परततात, कारण तिथलं जेवण आधीच पैशांत आलेलं. एका लोकांतावाल्याने, म्हणजे खानावळवाल्याने, आम्हाला तेच सांगितलं: गर्दी वाढली, टेबलं रिकामी. त्यानंतर रोज दुपारचं जेवण आम्ही बाहेरच घेतलं. एक आजी काठीसारख्या बारीक लाटण्याने पीठ लाटायच्या, पालक-चीज भरून उपड्या तव्यावर गोझलेमे भाजायच्या. वर जे पैसे गेले त्याचं अजिबात दुःख नाही. ज्यांना परवडतं त्यांनी हे करावंच असं माझं ठाम मत आहे.

रिव्हिएरा माया (कॅनकूनच्या दक्षिणेचा किनारा), डिसेंबर. आई-बाबांसोबत.

शाकाहारींसाठी आधी कामाचं: वाटलेल्या काळ्या घेवड्यात डुकराची चरबी, म्हणजे 'मांतेका', असू शकते. 'सिन कार्ने' (मांस नको) एवढं म्हणून भागत नाही, नाव घेऊन विचारा. शेफने आईसाठी रोज नुसता शिजवलेला घेवडा, भात, ॲव्होकॅडो आणि मक्याच्या ताज्या तोर्तिया वेगळ्या काढून ठेवल्या.

बाबा आयुष्यभर मेनूकार्ड उजवीकडून वाचत आले. इथे उजवीकडे आकडेच नव्हते. त्यांनी पहिल्यांदा स्वतःला काय हवं ते मागवलं, तेही दोनदा. मी एकटा असतो तर वायादोलिद या युकातानमधल्या गावात एखाद्या स्वस्त खोलीत राहिलो असतो आणि खूष असतो. पण हा आनंद मला तिथे मिळाला नसता.

मालदीव. पाहुणा म्हणून नाही, कामाला.

कोल्हापुरात हॉटेल मॅनेजमेंट करून मी मालदीवच्या एका रिसॉर्टच्या किचनमध्ये लागलो. तिथे एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट. कांद्यापासून सफरचंदापर्यंत सगळं बोटीने येतं, गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापासून करतात, वीज डिझेलवर. आमच्या खोल्या बेटाच्या मधोमध, झाडीआड, पाहुण्यांना दिसणार नाहीत अशा. तुम्ही वर लिहिलंय की बाहेर पडून बस पकडली. तिथे पाहुण्याला बाहेर पडायला रस्ताच नाही, बोटच लागते.

पण पर्याय आहे. साधारण 2009 पासून वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसना परवानगी मिळाली. राजधानी मालेहून फेरीने माफुशी या वस्तीच्या बेटावर जाता येतं. सुट्टीला मी तिथेच जायचो. सकाळी मास हुनी: ट्यूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू हातानेच कुस्करतात आणि गरम रोशीबरोबर, म्हणजे तिथल्या चपातीबरोबर, खातात. दारू तिथे मिळत नाही, बिकिनी ठरवून दिलेल्या किनाऱ्यावरच. संध्याकाळी गावातली पोरं फुटबॉल खेळतात, जोली म्हणजे दोऱ्यांनी विणलेल्या खुर्च्यांवर म्हातारी माणसं बसलेली असतात, विचारलं तर बसवून घेतात.

कुणी विचारलं तर मी सांगतो: आधी गेस्टहाउस, शेवटच्या एक-दोन रात्री रिसॉर्ट. आणि रिसॉर्टमध्ये गेलात तर किचनमधल्या आणि बोटीवरच्या पोरांना गाव विचारा. बांगलादेश, श्रीलंका, केरळ, नेपाळ. आमच्या पाळीत तर एक सांगलीचाही होता.