झोपेत श्वास अडखळतो : टॉन्सिलची शस्त्रक्रिया लगेच करावी का?

प्रश्न (दादर) : माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. रात्री मान मागे टाकून, तोंड उघडे ठेवून तो घोरतो आणि मध्येच श्वास थांबून दचकतो, तेव्हा त्याच्या छातीवर हात ठेवून मी जागीच राहते. डॉक्टरांनी टॉन्सिल वाढल्याचे सांगितले आहे. शस्त्रक्रिया टाळता येईल का?

उत्तर १ : ताई, आमच्या मुलीलाही हाच त्रास होता. त्याच्या झोपेचे मोबाइलवर चित्रण करून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, कारण दिवसा तपासताना रात्रीचा त्रास दिसतच नाही. नाकामागचे ॲडिनॉइडही (टॉन्सिलसारखीच गाठ) तपासून घ्या.

उत्तर २ : केवळ आकारावरून शस्त्रक्रिया ठरत नाही, गरज वाटल्यास झोपेची तपासणी करतात. ३ वर्षांखालील मुलांना शस्त्रक्रियेनंतर रात्रभर रुग्णालयात देखरेखीखाली ठेवतात, तशी सोय आहे ना, हे आधीच विचारा. ओठ निळसर दिसले, तर मात्र सकाळची वाट पाहू नका.