मदत हवी आहे : बजी आरशाला दाणे भरवतोय

मंडळी, बजी (छोटे पोपट) पाळणाऱ्यांचा सल्ला हवाय. आमच्याकडे निळा नर आहे. जोडीदारीण गेल्यापासून एकटाच. करमावं म्हणून पिंजऱ्यात छोटा आरसा लावला, तर स्वारी दिवसभर त्याच्यापुढेच! मान वरखाली करत गिळलेले दाणे वर काढतो आणि काचेला भरवतो. काचेवर चिकट थर साचतो, पुसायला गेलं की चोच मारतो.

नर मादीला असंच भरवतो, त्यामुळे हा आजार नाही एवढं कळतं. आजारी पक्षी डोकं झटकून दाणे चौफेर उडवतो, डोक्यावरची पिसं चिकटतात, मलूल बसतो. हा चांगला टुणटुणीत आहे. पण भरवण्याच्या नादात स्वतः नीट खात नाही.

आरसा एकदम काढावा की हळूहळू? काढला तर अजूनच एकटा पडेल का? ऑस्ट्रेलियाच्या माळरानांवर हे पक्षी मोठमोठ्या थव्यांनी राहतात, म्हणून सोबत आणायचा विचार आहे. मादी आणली की अंडी आलीच, ते नको. दोन नर गुण्यागोविंदाने राहतात का? नवा पक्षी आधी वेगळ्या खोलीत ठेवणार आहे, पण किती दिवस?

आणि सोबत मिळाली की बोलणं बंद होतं, हे खरं का? गिनेस बुकातल्या 'पक' नावाच्या बजीला १,७२८ शब्द यायचे. आमच्याला दीड येतो, तोही लहर लागली तर. तो शब्द गेला तरी चालेल.