'मदत' नको, मग काय? सावड, इर्जिक, फाळा, मंडळी

दांडियाबाजारवाली: बडोद्यात आमच्या सोसायटीत आम्ही दहा-बाराजणी वर्षभर एक उद्योग करतोय. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची औषधं आणायची, पासबुक भरून आणायचं, कुणाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. त्यातलेच एक आजोबा आमच्या मुलांचं गणित घेतात, आणि एक आजी लोणच्याच्या दिवशी अख्खा मजला कामाला लावतात. आता नोटीस बोर्डावर नाव हवंय. सेक्रेटरींनी 'मदत गट' लिहिलं, तर आजी कडाडल्या, "मदत पूरग्रस्तांना पाठवतात. मी काय पुरात आहे?" देणारा कोण, घेणारा कोण हे न सांगणारा शब्द सुचवा. 'सहकार' नको, त्याला साखर कारखान्याचा वास येतो.

घाटावरचा: सावड! आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. मजुरी नाही, दिवसाला दिवस. हिशेब तोंडी पण पक्का. फेडायला आला नाहीत तर पुढच्या पेरणीला कुणी फिरकत नाही. 'त्यांची आमची सावड आहे' असं म्हणतात.

दांडियाबाजारवाली: घरी बोलून बघितला. सासूबाई म्हणाल्या, "म्हातारी माणसं आहेत, सावडायची एवढी घाई कशाला?"

घाटावरचा: अरे देवा, रक्षा सावडणं विसरलोच. मागे घेतो.

जुनी वही: मग इर्जिक घ्या. सावडीत परतफेड मोजतात, इर्जिकेत नाही. एखाद्याचं काम अडलं की गाव आपापली औतं घेऊन त्याच्या शेतात उतरतं, एका दिवसात नांगरट उरकतं, आणि शेतवाला सगळ्यांना जेवू घालतो. ते जेवण मजुरी नव्हे. ज्याचं अडलं तोच त्या दिवशीचा यजमान, ही त्यातली गंमत. तुमच्या लोणच्याच्या आजींना हे पटेल.

दांडियाबाजारवाली: पटलं. पण आमच्या मुलांना उच्चार जमेना, 'इर्रिटेट' ऐकू येतं म्हणतात.

रावपुऱ्याचा: बडोद्यात राहून बडोद्याचे शब्द बघा की! 'फाळा' घ्या. कोल्हापूरकडे घरफाळा म्हणजे घरपट्टी, नाव काढलं की कपाळाला आठ्या. तोच गुजरातीत 'फाळो' झाला की आपखुशीने दिलेला वाटा. 'लोकफाळो' म्हणजे आपली लोकवर्गणी. सयाजीरावांच्या राज्यात १९१० नंतर गावोगाव वाचनालयं निघाली ती अशाच हिश्शावर. गावाने रक्कम उभी केली की तेवढीच जिल्ह्याची पंचायत घालायची आणि तेवढीच सरकार. तीनातला पहिला हिस्सा गावाचा, म्हणून वाचनालयही गावाचं. फुकट मिळालेल्या कपाटाला कुलूप कोण लावतंय?

जुनी वही: खरंय, पण फाळा पैशाचा. या बायका देतायत तो वेळ.

रावपुऱ्याचा: मग 'मंडळी'. मराठीत मंडळी म्हणजे जमलेली माणसं, शिवाय 'आमची मंडळी माहेरी गेलीय' हेही आलंच. गुजरातीत मंडळी म्हणजे थेट सहकारी संस्था, दूधमंडळी वगैरे. आणि हे दोन अर्थ बडोद्यात एका नावात बसलेले आहेत: 'अन्योन्य सहायकारी मंडळी'. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर आणि इथल्या काही मराठी कुटुंबांनी काढली. आपसांत बचत, आपसांत कर्ज. सहकारी पतसंस्थांचा कायदा आला १९०४ मध्ये, म्हणजे कायद्याच्या पंधरा वर्षं आधी. नाव नीट वाचा, 'सहकारी' नाही, 'सहायकारी' आहे. साहाय्य आलं, पण आधी 'अन्योन्य' लावून त्याची एकतर्फी धार काढून टाकलीय. तुमच्या आजींचा आक्षेप तिथेच मिटलेला होता.

घाटावरचा: हे भारी आहे. माझ्या डोक्यात अन्योन्य म्हणजे फक्त व्याकरणातला अलंकार होता.

दांडियाबाजारवाली: 'अन्योन्य' सगळ्यांना आवडला. आजींनी मात्र मोठ्याने म्हणून पाहिला आणि सांगितलं, कवळी निसटते. शेवटी 'शेजारमंडळी' ठरलं. मला 'शेजार' थोडा पातळ वाटतो, पण मतदानात हरले. काल पेंटरला मजकूर दिला. त्याने वाचला आणि विचारलं, "बेन, रजिस्ट्रेशन नंबर नीचे लखवानो छे?"