विषय: अल्गोंक्विनची जानेवारीतली सहल, दिसणार काय?

नमस्कार मंडळी,

जानेवारीत मंडळाची अल्गोंक्विनला, म्हणजे ऑंटारिओतल्या त्या मोठ्या जंगल-उद्यानात, पक्षी बघायची सहल आहे असं कळलं. मी मूळची परभणीची, टोरांटोतला माझा हा पहिलाच हिवाळा. आमच्याकडे थंडी म्हणजे पक्ष्यांचा हंगाम, शेतात हुरडा आणि आभाळात भोरड्या. इथे घरामागच्या झाडीत चिटपाखरू दिसत नाही. मग तीन तास गाडी चालवून बर्फात बघायचं काय? काका, तुम्ही दरवर्षी जाता म्हणून तुम्हाला विचारते.

---

बाळ, तुला आणि नव्याने येणाऱ्या सगळ्यांनाच लिहितो. यंदा मी पैठणला आहे, सहलीला नसेन.

काल सकाळी नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, गेलो होतो. पाणी ओसरलेल्या काठावर गाळपेरीचा हरभरा उभा आहे आणि त्यात पट्टकादंब हे रानहंस चरत होते. पांढरं डोकं, मागे दोन काळे पट्टे. राखणदार आरोळी ठोकतो, थवा उठतो आणि पुढच्या वावरात जाऊन बसतो. शेतकऱ्याचं नुकसान होतं हे खरंच, पण हे पाखरू तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेलं असतं, तेव्हा माझी नजर काही हटत नाही. पलीकडे चक्रवाक, तलवार बदकं होती. १९७६ साली जायकवाडी धरण पुरं झालं, एवढं पसरट उथळ पाणी तयार झालं आणि १९८६ साली त्याचं अभयारण्य झालं. तुझ्या भोरड्याही मध्य आशियातूनच येतात.

हे सगळे थंडी सोडून आलेले. अल्गोंक्विनला तुला दिसतील ते थंडीत मागे राहिलेले. म्हणून तिथे थवे शोधू नकोस. दिवसभरात दहा-बारा जाती दिसल्या तरी भरून पावलो म्हणायचं. एकेका पक्ष्याचं हिवाळ्यात कसं भागतं, ते बघायला जायचं.

कॅनडा जेचंच घे. कावळ्याच्या कुळातला, करडा, पिसं फुलवून गोल झालेला. उन्हाळा-पावसाळाभर जे मिळेल ते चिकट लाळेत घोळवून गोळी करतो आणि झाडाच्या सालीखाली, फांदीच्या बेचक्यात चिकटवून ठेवतो. अशा हजारो जागा त्याच्या ध्यानात असतात. या साठ्याच्या जिवावर तो फेब्रुवारीतच घरटं बांधायला घेतो, आणि मार्चमध्ये भोवती बर्फ असताना मादी अंड्यांवर बसते. पण शरद ऋतू उबदार गेला की साठा नासतो. अल्गोंक्विनमध्ये या पक्ष्याचा अभ्यास कित्येक दशकं चालला आहे आणि उद्यानातून जाणाऱ्या महामार्ग ६० लगतची त्यांची संख्या १९७० च्या दशकापासून निम्म्याहून कमी झाली आहे. थंडी कमी झाल्याने उपाशी राहणारा पक्षी! नव्या मंडळींनी निदान यासाठी तरी जावं असं मला मनापासून वाटतं.

चिकाडी हातावर मावेल एवढी, आपल्या वल्गुलीच्या कुळातली. वजन दहा-बारा ग्रॅम. कडाक्याच्या रात्री ती स्वतःच्या अंगाचं तापमान दहाएक अंशांनी उतरवते, म्हणजे साठवलेली चरबी सकाळपर्यंत पुरते. क्रॉसबिलची चोचीची टोकं एकमेकांवरून आडवी गेलेली असतात, त्यांनी तो सूचिपर्णी झाडांच्या शंकूतलं बी उचकटतो. शंकू भरपूर असले तर भर हिवाळ्यातही पिल्लं काढतो.

तिथे स्प्रूस बॉग नावाच्या दलदलीतल्या लाकडी वाटेवर जा. जेमतेम दीड किलोमीटर आहे, पण दोन तास द्या. बर्फात चालताना बुटांचा आवाज फार होतो, म्हणून थोडं चालायचं आणि बराच वेळ उभं राहायचं. मग पक्षी आपणहून जवळ येतात. अभ्यागत केंद्रात खिडकीतूनही बघता येतं, लहान मुलांना आधी तिथेच न्या. गाडीचा दिवसाचा परवाना काढायला विसरू नका.

एक विनंती. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. त्या थंडीत त्याचं एकेक उड्डाण महाग असतं. आणि चिवडा-फरसाण गाडीतच ठेवा, तेलामिठाचं त्यांना घालू नका.

---

काका, मी नाव नोंदवलं. पण माझ्याकडे दुर्बीण नाही, आणि उणे वीसमध्ये दोन तास उभं राहायचं म्हणजे पायांचं काय?

---

माझी दुर्बीण चिटणीसांकडे ठेवली आहे, त्यांना सांगतो, ती घेऊन जा. तिच्यावर श्वास सोडू नकोस, काचेवर लगेच बर्फ धरतं. आणि आत आल्यावर थोडा वेळ पिशवीतच बंद राहू दे, नाहीतर आतून घाम धरते. मोबाइल आतल्या खिशात, अंगाजवळ. थंडीत बॅटरी पटकन उतरते. बूट एक नंबर मोठे घे आणि आत लोकरीचे मोजे घाल. घट्ट बुटात दोन जोड कोंबले तर पाय जास्त गारठतात. साडेचार-पाचला अंधारून येतं, तेव्हा टोरांटोहून पहाटे पाचला निघा. चालकांनी बर्फाचे टायर आहेत का ते आत्ताच कळवावं.