व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा पेन स्कोअर: नाडी-बीपी नॉर्मल म्हणून शून्य लिहायचा का?

सिस्टर_जळगाव:
आमच्या आयसीयू चार्टवर दर चार तासांनी पेन स्कोअर लिहायचा असतो. बोलणाऱ्या पेशंटला ० ते १० मध्ये विचारतो. तोंडात ट्यूब असलेल्यांच्या रकान्यात मात्र नाडी-बीपी बघून शून्य टाकायची पद्धत पडली आहे. सध्या दोन प्रकारचे पेशंट जास्त आहेत: फवारणीचं औषध पोटात गेलेले, आणि हायवेच्या अपघातातले, बरगड्या मोडून आयसीडी (छातीत घातलेली निचऱ्याची नळी) टाकलेले. पहिल्यांची नाडी अॅट्रोपिनवर (त्या विषावरचं औषध, त्याने नाडी वाढते) १२० च्या पुढे, दुसऱ्यांची ९०. मग दुखतंय कोणाला? सीपीओटी (बोलू न शकणाऱ्या पेशंटला बघून दुखण्याचे गुण द्यायची पद्धत) प्रत्यक्ष बेडजवळ कसा करायचा, तेही कोणी नीट सांगाल का?

आयसीयू_धुळे:
ताई, नाडी-बीपीवरून स्कोअर लिहायचाच नाही. रक्तस्राव, ताप, नॉरअॅड्रेनलिन, अॅट्रोपिन, बीटा ब्लॉकर या सगळ्यांनी आकडे हलतात. अमेरिकेच्या क्रिटिकल केअर सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: आकडा बदलला तर पेशंटकडे नीट बघा, पण नुसत्या आकड्यावरून दुखणं ठरवू नका.

आधी विचारून बघा, ही पायरी सर्रास गाळली जाते. हलक्या सेडेशनवरचा (गुंगीच्या औषधावरचा) पेशंट मान हलवतो, बोट दाबतो. कानाजवळ जाऊन त्याच्या बोलीत विचारा, ‘दुखस का?’, आणि दहा सेकंद थांबा. ० ते १० ची आडवी पट्टी मोठ्या अक्षरात छापून डोळ्यांसमोर धरा. चष्मा असेल तर लावा. पेशंटने स्वतः सांगितलेलं असेल तर तेच लिहायचं, मग सीपीओटीची गरज नाही.

उत्तर मिळत नसेल तेव्हा सीपीओटी. कॅनडातल्या सेलीन जेलिना यांनी तो २००६ मध्ये मांडला. चेहरा, हालचाल, व्हेंटिलेटरशी जुळणं आणि स्नायूंचा ताठपणा, प्रत्येकी ० ते २, एकूण ८. ट्यूब काढलेली असेल तर व्हेंटिलेटरच्या जागी आवाज बघायचा: कण्हणं १, ओरडणं-रडणं २.

चेहरा, हात आणि व्हेंटिलेटरचा स्क्रीन एकदम दिसेल असं बेडच्या पायथ्याशी उभं राहा आणि हात न लावता पूर्ण एक मिनिट बघा. भुवया खाली ओढलेल्या, कपाळावर आठ्या, डोळ्यांभोवती ताण म्हणजे १. त्यावर डोळे घट्ट मिटलेले असतील तर २. काही जण सोबत ट्यूबही चावतात. हळू, जपून हलणं किंवा दुखऱ्या जागेकडे हात नेणं १; ट्यूब ओढणं, उठून बसायचा प्रयत्न, हातपाय झाडणं २. खोकला आला, अलार्म वाजला पण आपोआप थांबला तर १. मशीनशी झगडत असेल, अलार्म पुन्हापुन्हा वाजत असेल तर २. कोपर वाकवून-सरळ करून ताठपणा बघायचा तो सगळ्यात शेवटी, कारण हात लावला की बाकीचं चित्र बदलतं.

आता तुमचा बरगड्यांचा पेशंट घ्या. पडून असताना कपाळावर आठ्या, बाकी सगळं शांत: १. साइड चेंज करताना डोळे घट्ट मिटले (२), हात आयसीडीच्या बाजूला गेला (१), खोकून अलार्म वाजला आणि थांबला (१), कोपर ताठ (१): एकूण ५. चार्टवर दोन्ही लिहा, ‘विश्रांतीत १, कूस बदलताना ५’. तीन किंवा जास्त आला तर डॉक्टरांना कळवायचंच. शांत पडलेला असताना एकदाच स्कोअर घेतला तर हा ५ कोणाला दिसणारच नाही, आणि पुढच्या ड्यूटीतही त्याला तसंच वळवलं जाईल.

ऑर्डर असेल तर वेदनाशामक वळवण्याआधी द्या, आणि वेळ साधा. शिरेतून फेंटानिलचा जोर साधारण पाच मिनिटांत येतो, मॉर्फिनला वीसेक मिनिटं लागतात. पॅरासिटामॉलची १ ग्रॅमची बाटली पंधरा मिनिटं चालते आणि त्यानंतरही थोडा वेळ हवा. जोर आल्यावर पुन्हा स्कोअर घ्या.

झगडणाऱ्या पेशंटला लगेच दुखण्याच्या खात्यात टाकू नका. आधी सॅच्युरेशन, ट्यूबची खूण किती सेंटिमीटरवर आहे, कफ साठलाय का, सर्किटमध्ये पाणी आहे का ते बघा. कॅथेटर तुंबून मूत्राशय फुगलंय का, आयसीडीची नळी अंगाखाली दबली आहे का, हेही. आणि मिडाझोलमने (गुंगीचं औषध) दुखणं कमी होत नाही, फक्त चेहरा शांत होतो.

ब्रदर_नंदुरबार:
वरच्या उत्तरात एक भर घालणं गरजेचं आहे. सीपीओटी स्नायूंवर चालतो. स्नायूच हलत नसतील तर आलेल्या शून्याला अर्थ नाही.

अॅट्राक्युरियम किंवा व्हेक्युरोनियम (स्नायू लुळे करणारी औषधं) चालू असेल, किंवा सेडेशन इतकं खोल असेल की रास (गुंगी किती खोल आहे ते मोजायचा स्केल) उणे ४-५ आहे, तर रकान्यात ‘तपासता येत नाही’ लिहा. आयसीडी, फ्रॅक्चर, ऑपरेशनची जखम असेल तर दुखतंय असंच धरून चालायचं.

आपल्या भागात याहून जास्त चुकतं ते मण्यार चावलेल्या पेशंटमध्ये. पापण्या मिटलेल्या, चेहरा सैल, हातपाय लुळे, म्हणून सगळे त्याला बेशुद्ध समजतात. पण विषाने स्नायू थांबतात. पेशंटला ऐकू येतं, कळतं, दुखतं. चावल्या जागी फारसं दुखत नाही, पण पोटात जोरात दुखू शकतं. बोटाची किंवा अंगठ्याची थोडी हालचाल उरली असेल तर तीच ‘हो’ची खूण ठरवा आणि तसं बेडवर लिहून लावा. सक्शनच्या आधी त्याला सांगा.

फवारणीवाल्यांमध्ये तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान आणि दंड कमजोर पडू शकतात, मग कोपर सैल लागतं आणि स्कोअर खोटा कमी येतो. उलट अॅट्रोपिन जास्त झालं तर तडफड वाढते. अंग कोरडं, ताप, पोटाचे आवाज बंद असतील तर आधी अॅट्रोपिनबद्दल डॉक्टरांशी बोला.

डोक्याला मार असलेले पेशंट आठ्या कमी घालतात. त्यांच्यात अचानक डोळे उघडणं, डोळ्यांतून पाणी येणं, चेहरा लाल होणं याकडे लक्ष ठेवा.

सिस्टर_जळगाव:
खूप उपयोगी पडलं. दोन शंका. हात बांधलेले असतील तर हालचालीचे गुण कसे द्यायचे? आणि नातेवाइकांना विचारलं तर चालतं का?

आयसीयू_धुळे:
कोणीतरी हात धरायला उभं असेल तर त्या एका मिनिटापुरते सोडा. सोडणं शक्य नसेल तर ‘हात बांधलेले’ असं स्कोअरशेजारी लिहा.

नातेवाइकांना जरूर विचारा, पण ‘किती दुखतंय’ असं नको. घरी दुखलं की हा काय करतो, ओठ चावतो का, गप्प पडून राहतो का, असं विचारा. पावरी किंवा भिली बोलणारा पेशंट असेल तर भेटीच्या वेळी घरच्यांनीच त्याला प्रश्न विचारावा असं सांगा, तुम्ही त्याचा चेहरा बघा.

ब्रदर_नंदुरबार:
चार्टवर स्केलचं नावही लिहा. काही ठिकाणी बीपीएस (असाच दुसरा बघून गुण द्यायचा स्केल) वापरतात, तो ३ ते १२ असतो. त्यात ३ म्हणजे दुखत नाही, ६ पासून पुढे उपाय लागतो. सीपीओटीत ३ म्हणजेच दुखतंय. नुसता ‘३’ हँडओव्हरला गेला तर समोरची सिस्टर त्याचा उलटा अर्थ घेऊ शकते.