दहावी नापास म्हणून टॉवेलच्या कारखान्यात लावण्याआधी

कुणी सल्ला देतं, पोरगा दहावीत तीन विषयांत राहिला, वर्षभर घरी बसलाय, तर सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर लावा. थांबा जरा. रात्रपाळी लागली की दिवस झोपेत जातो आणि पुस्तक सुटतं ते सुटतंच.

आयटीआयला वेल्डर, वायरमन असे काही ट्रेड, म्हणजे कामाचे कोर्स, दहावी नापासांनाही मिळतात. वेल्डर १ वर्षाचा, वायरमन २ वर्षांचा. पोरं अडकतात ती फॉर्ममध्ये: अर्ज भरतात, निश्चित करून घेतात आणि विकल्प, म्हणजे कोणत्या आयटीआयत कोणता ट्रेड हवा त्याचा पसंतीक्रम, भरायचेच राहतात. मग प्रवेशाच्या यादीत नाव कुठून येणार? पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या जागी खरंच हवा तोच ट्रेड टाका.

शाळा सोडल्याचा दाखला आजच आणा. त्यावर 'मल्लिकार्जुन' आणि आधारवर 'मल्लीनाथ' असेल, तर दुरुस्ती आधी. ऐनवेळी होत नाही.

राहिलेले विषय पुरवणी परीक्षेत सोडवता येतात. आणि कृपा करून पोराला समोर बसवून विचारा, त्याला काय जमतं. घरात हे कुणी विचारतच नाही.